वारज्याची अ‍ॅम्ब्युलन्स : पाचपैकी चार स्टार, पाचवा का कापला तेही सांगते

आधीच सांगते, सर्व्हिसचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. खाली कौतुक आहे तशी तक्रार पण आहे, आणि दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्या माणसाची तक्रार नावानिशी चव्हाट्यावर मांडायची माझी इच्छा नाही. तरी लिहितेय कारण मागच्या महिन्यात तिसऱ्यांदा त्यांना बोलवायची वेळ आली आणि घरी येऊन बसल्यावर लक्षात आलं की आपण हॉटेलातल्या मिसळीवर चार पॅरेग्राफ लिहितो, पण ज्या गाडीत बाबांना झोपवून नेलं तिच्याबद्दल एक ओळ कधी लिहिली नाही.

तर गाड्या दोन. एक जुनी मारुती ओम्नी आणि एक मोठी, विंगरच्या साइजची, जिच्यावर लाल अक्षरात 'कार्डियाक' लिहिलंय (त्या लाल अक्षरांवर नंतर येते, पाचवा स्टार तिथेच गेलाय). मालक स्वतःच ड्रायव्हर. आम्ही दादा म्हणतो, ते मला ताई म्हणतात, वयाने दोघं सारखेच असू. गाडी पुण्यात वारजे पुलाच्या जवळपास उभी असते, फोन दुसऱ्या रिंगला उचलतात, आणि उचलल्यावर पहिला प्रश्न "कुठे यायचंय" नसतो, "पेशंट बोलतोय का, श्वास कसा घेतोय" हा असतो. मला हे फार आवडतं.

आता पहिली वेळ. एप्रिल २०२० चा तिसरा आठवडा. ९ मार्चला राज्यातले पहिले पेशंट पुण्यातच सापडले होते, त्यानंतर महिन्याभरात पेठा पत्रे ठोकून बंद झालेल्या, भवानी पेठ कसबा पेठ रोज बातम्यांत, आणि आम्ही इकडे दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो. बाबा तेव्हा ७४ चे. दुपारी चारला म्हणाले छातीत जळजळतंय, सकाळची मटकीची उसळ बाधली. अ‍ॅसिडिटीची गोळी दिली. पाचला परत दिली. सहाला घाम फुटला, म्हणाले उकडतंय, पंखा वाढव. मला कळत होतं हो, मला खरंच कळत होतं, डावा जबडा दुखतोय म्हणाले तेव्हाच कळलं होतं, पण बाबांचं एकच पालुपद, आत्ता हॉस्पिटलात गेलो तर नसलेला कोरोना घेऊन येऊ, आणि शिवाय अ‍ॅम्ब्युलन्स दारात आली की बिल्डिंग सील. समोरच्या विंगमध्ये आठवड्यापूर्वी साध्या तापाच्या पेशंटसाठी गाडी आली होती, तर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या घरचा जवळजवळ पंचनामाच झाला होता. चार तास गेले त्यात. आठ वाजता बाबांना उभं राहता येईना तेव्हा फोन केले.

फोन केले म्हणजे दोन. मी १०८ ला लावला आणि मिस्टरांनी त्यांच्या मोबाइलवरून ह्या दादांना. १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, पूर्ण फुकट आहे, सुरुवातीलाच राज्यभर ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ मोठ्या म्हणजे अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्टवाल्या (म्हणजे व्हेंटिलेटर, शॉकचं मशीन असलेल्या), गाडीत डॉक्टर असतो, आणि सगळ्या महाराष्ट्राचे फोन उचलणारी कंट्रोल रूम आपल्या औंधात आहे, हे किती पुणेकरांना माहीत असतं कोण जाणे. माझा सल्ला कायम हाच, आधी १०८. आमच्याकडे दादा आधी पोचले कारण ते पुलापाशीच उभे होते, सहा मिनिटांत आले. मग मी १०८ ला परत फोन करून गाडी मिळाली म्हणून सांगितलं. हे प्लीज करत जा, त्या दिवसांत लोक चार ठिकाणी फोन करायचे, जी येईल तिच्यात बसायचे आणि बाकीच्या तीन गाड्या रिकाम्या धावायच्या, तेवढ्यात दुसरीकडे कोणीतरी जिन्यात बसून वाट बघत असायचं.

दादा आले ते पांढऱ्या पीपीई किटमध्ये, वरून घरचा स्विमिंगचा गॉगल. सेक्रेटरी काका गेटवर आले आणि म्हणाले गाडी बाहेरच उभी करा, सायरन बंद ठेवा, लोक घाबरतात. दादांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "काका, पेशंट न्यायचाय का बिल्डिंगची अब्रू?" तरी गाडी बाहेरच राहिली. बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून गेटपर्यंत नेलं, मिस्टर एका बाजूने, दादा दुसऱ्या बाजूने, तिसरं कोणी जवळ यायला तयार नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून हात जोडून उभ्या होत्या तेवढ्याच.

सायरन तसाही लागलाच नसता. रस्त्यावर होतं कोण? वारज्यातून निघालो, कर्वेनगर, कर्वे पुतळा, पुढे नळ स्टॉपला मेट्रोचं अर्धवट काम आणि त्याखाली एक कुत्रं झोपलेलं. नाकाबंदीला पोलिसांनी नुसता हात केला. एरवी पाऊण तास खाणारा रस्ता बारा मिनिटांत. माझा समज असा झाला की चला, वाचलो.

तर खरा रस्ता गेटपासून सुरू झाला. पहिल्या हॉस्पिटलच्या गेटवर सिक्युरिटीने कपाळाला ती गन लावली, ९९.४, आणि म्हणाला कॅज्युअल्टी बंद आहे, आमच्या सिस्टर पॉझिटिव्ह आल्यात, स्टाफ क्वारंटाइन. ठीक, त्यांचाही इलाज नव्हता. दुसऱ्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टी चालू पण कोविड रिपोर्ट आहे का? छातीत दुखणाऱ्या माणसाकडे रिपोर्ट कुठून असणार, आणि तेव्हा स्वॅब दिल्यावर रिपोर्ट यायला दिवस-दोन दिवस जायचे. मी गेटवर हातपाय आपटत होते. एप्रिलच्या शेवटी केंद्राने राज्यांना पत्र लिहिलं की कोविड टेस्टसाठी पेशंट अडवून ठेवू नका, पण आमचे बाबा त्याच्या आधीच्या आठवड्यात आजारी पडले, त्याला काय करणार.

इथे दादांनी जे केलं त्याचे मी पैसे दिले असं मी मानते, गाडीचे नाही. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही, सिक्युरिटीशीही नाही. गाडी मागच्या बाजूला घेतली, जिथून ऑक्सिजनचे सिलेंडर आत जातात, आणि तिथे एका आरएमओला, म्हणजे तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला, नाव घेऊन हाक मारली. "सर, आत नका घेऊ, पट्टी गाडीत काढा." पट्टी म्हणजे ईसीजी. तो मुलगा पंचवीसेक वर्षांचा असेल, किटमध्ये, गॉगलवर आतून वाफ धरलेली, इतकी की त्याला पट्टी वाचायला ती गाडीच्या हेडलाइटसमोर धरावी लागली आणि मान वाकडी करून गॉगलच्या खालच्या फटीतून बघावं लागलं. बघितलं आणि चालत आला होता तो पळत आत गेला. तेव्हा मला कळलं.

गेटवर आणि गाडीत मिळून ५० मिनिटं. १२ मिनिटांच्या रस्त्यापुढे ५०. अँजिओप्लास्टीची टीम किट घालून तयार होईपर्यंत वेळ जाईल म्हणून आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, त्या काळात बऱ्याच ठिकाणी तसंच करत होते म्हणे. बाबा वाचले. हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं ते तिथेच आहे, एक मजला चढले की मधल्या लँडिंगवर थांबून नोटीस बोर्ड वाचल्यासारखं करतात.

माझी भाची कार्डिऑलॉजीत आहे, तिने नंतर सांगितलं की त्या लॉकडाउनमध्ये देशभरच्या हॉस्पिटलांची पाहणी केली तर हार्ट अटॅकचे अ‍ॅडमिट होणारे पेशंट आदल्या वर्षाच्या त्याच दिवसांपेक्षा साधारण ३५ टक्क्यांनी कमी भरले. मी म्हटलं अरे वा, घरचं खाऊन आणि आराम करून फायदा झाला की काय. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मावशी, अटॅक कमी नाही आले, माणसं आली नाहीत. आजोबा चार तास पंख्याखाली बसले तसे." इटलीत लोम्बार्डीच्या चार जिल्ह्यांत साथीच्या पहिल्या ४० दिवसांत हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडायचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा ५८ टक्क्यांनी वाढलं होतं, हेही तिनेच सांगितलं. त्यातले बरेचसे कोविडचे किंवा तसा संशय असलेले, पण सगळे नाहीत. म्हणजे आमचे सेक्रेटरी काका सगळीकडे होते तर.

बिल तेव्हाचं १२०० रुपये. रोख. निघताना दादा म्हणाले पैसे हातात नको, बोनेटवर ठेवा, आणि नोटांवर सॅनिटायझर मारला. मग मागचं दार सताड उघडं टाकून हायपोक्लोराइटने स्ट्रेचर, हँडल, सिलेंडरची चावी, सगळं पुसत बसले. मी विचारलं किती वेळ लागतो, म्हणाले अर्धा तास, आणि मग किट काढायला, नवीन घालायला वेगळा वेळ. म्हणजे बघा, गाडी तीच, माणूस तोच, रस्ते रिकामे, आणि तरी दिवसाला आधी आठ पेशंट व्हायचे तिथे चार. बाहेरून आपल्याला वाटतं गाड्या कमी पडल्या. गाड्या होत्या हो, त्या एकतर गेटवर अडकल्या होत्या नाहीतर वाळत घातल्या होत्या.

दरम्यान पुण्यात अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी काय काय उद्योग केले ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्याच सोसायटीतल्या एका घराने (वेगळी गाडी, ह्यांची नव्हे) सहा किलोमीटरचे १५ हजार दिलेत. आरटीओने दर ठरवून दिले, सप्टेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही राज्यांना सांगितलं की अ‍ॅम्ब्युलन्सचे वाजवी दर ठरवा. त्याच महिन्यात सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजच्या मैदानावर जंबो कोविड सेंटर नुकतं सुरू झालं होतं आणि तिथे टीव्हीवरचा एक तरुण पत्रकार गेला, कार्डियाक अ‍ॅम्ब्युलन्स वेळेत मिळाली नाही असा आरोप झाला, तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा समजलं की अ‍ॅम्ब्युलन्स आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये फरक असतो. दादांनी दरपत्रक मागच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात. झोपलेल्या पेशंटला ते दिसतं आणि बसलेल्या नातेवाइकाला दिसत नाही, ही गंमत मी त्यांना सांगितली तर हसले आणि तसंच ठेवलं.

दुसरी वेळ. एप्रिल २०२१. ह्यावर मी थोडी जास्त लिहिणार आहे, ज्यांना फक्त रेट हवेत त्यांनी खाली जा.

सासूबाई तेव्हा ६९. ताप उतरला होता, सगळे खूश. आई कॉटवर बसून नणंदेशी फोनवर उन्हाळी पापडांचं बोलत होत्या, पोह्याचे करायचे का उडदाचे, आणि मी सहज बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८४. मला वाटलं सेल गेले. सेल बदलले, ८३. माझ्या बोटाला लावला, ९८. आणि आई म्हणतायत मिरी जास्त घाल. ह्याला डॉक्टर लोक हॅपी हायपॉक्सिया म्हणतात, रक्तातला ऑक्सिजन खाली गेलेला असतो आणि माणसाला दमल्यासारखं वाटतच नाही. हॅपी कसलं डोंबलाचं.

दादांना फोन लावला. ह्यावेळी पहिल्यांदा त्यांचा राग आला. म्हणाले, "ताई, आधी बेड, मग गाडी. बेड नसताना निघालो तर माझा ऑक्सिजन रस्त्यात संपतो, आणि रस्त्यात संपण्यापेक्षा घरी पालथं झोपलेलं बरं, त्याने ऑक्सिजन थोडा चढतो." मला वाटलं टाळतायत. मनपाचा डॅशबोर्ड उघडला, ऑक्सिजन बेड काही ठिकाणी एक, दोन, फोन लावला की भरला म्हणायचे, व्हेंटिलेटरच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. मिस्टर, दीर, भाची, मी, चौघं चार फोनवर. दोन तासांनी एका ठिकाणाहून 'घेऊन या, बघतो' आलं. बघतो म्हणजे हो नाही. पण दादा आले.

गाडीत त्या दिवशी दोनच छोटे सिलेंडर, बी टाइप. मोठा जंबो रिफिलला चाकणच्या रांगेत गेलेला, सकाळपासून. इथे थोडं गणित सांगते कारण त्या रात्री मी ते शिकले आणि आता विसरता येत नाही. छोट्या सिलेंडरमध्ये दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो, जंबोत सात हजार. आईंना मास्कवर मिनिटाला दहा लिटर लागत होते. म्हणजे एक छोटा सिलेंडर दीडशे मिनिटं, अडीच तास. रात्री पावणेअकराला घरातून नळी लावली. दादांनी सिलेंडरला पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्यावर मार्करने लिहिलं, १०.४५. खाली १.१५. एवढंच. मी विचारलं हे काय, म्हणाले चालू आणि बंद.

हॉस्पिटलच्या बाहेर गाड्यांची रांग. सहावी आमची. दिवे बंद, मागची दारं उघडी, प्रत्येक गाडीतून ती पाण्याची बाटली बुडबुडताना ऐकू यायची, बुडबुड बुडबुड, आणि मधेच कोणाचा खोकला. दादांनी आईंना कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी आणि माझी पर्स खोचली, ८४ चे ९१ झाले. आई आता पापडांबद्दल बोलत नव्हत्या.

बारा वाजता आमच्या पुढच्या गाडीतला मुलगा खाली उतरला. वीस-बावीसचा. त्यांचा काटा लाल पट्ट्यात गेला होता आणि त्यांच्या ड्रायव्हरकडे दुसरा सिलेंडर नव्हता. तो दादांशी बोलला, माझ्याशी नाही. दादांनी आमची चिकटपट्टी बघितली, घड्याळ बघितलं, आणि मला म्हणाले, "ताई, तुमचा सव्वा तास आहे अजून. त्यांची दहा मिनिटं."

मी म्हणाले देऊ नका.

मनात नाही, तोंडाने म्हणाले. तो मुलगा दोन हातांवर उभा होता, मास्क नाकाखाली आलेला, त्याने ऐकलं. दादांनी माझ्याकडे परत बघितलं नाही, पाना काढला, आमचा स्पेअर सिलेंडर खांद्यावर घेतला आणि पुढच्या गाडीत बसवून आले. परत आल्यावर काहीच बोलले नाहीत, नुसता आमच्या सिलेंडरचा काटा टॉर्चने बघितला. मी पण बोलले नाही. पुढची पंचावन्न मिनिटं मी त्या काट्याकडे ज्या नजरेने बघितलं तसं पोरांच्या दहावीच्या निकालाकडेही बघितलं नव्हतं.

पाच कमी एकला आतून हाक आली आणि आईंना घेतलं. पट्टीवर वीस मिनिटं शिल्लक. पुढची गाडी तेव्हा जागेवर नव्हती, आत गेली, दुसरीकडे गेली, काय झालं, मला माहीत नाही. आई एकोणीस दिवसांनी घरी आल्या. पापड त्या वर्षी विकत आणले.

बिल ६५००, त्यात वेटिंग आणि ऑक्सिजन धरून. मी त्याबद्दल घासाघीस केली नाही आणि करण्याचं तोंडही नव्हतं. नंतर समजलं की त्या दोन-अडीच महिन्यांत दादा घरी झोपलेच नाहीत, घरात लहान मुलगी आणि डायबेटिसवाली आई, म्हणून ओम्नीच्या मागच्या सीटवर झोपायचे आणि बायको डबा बोनेटवर ठेवून लांब उभी राहायची. किट एकदा घातलं की काढायला परवडायचं नाही म्हणून पाणी प्यायचे नाहीत. एप्रिलच्या पुण्यात, पत्र्याच्या गाडीत, प्लॅस्टिक घालून. हातमोजा काढला की बोटांतून घाम ओतायचा, खरंच ओतायचा, मी पाहिलंय.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे, आरती नाही.

मोठ्या गाडीवर जे 'कार्डियाक' लिहिलंय ते खरं नाही. आत मॉनिटर आहे, पण मी तीन वेळांत एकदाही तो चालू बघितला नाही, विचारलं तर म्हणाले केबलचा प्रॉब्लेम आहे. व्हेंटिलेटर नाही. शॉक द्यायचं मशीन नाही. डॉक्टर नाही, सोबत शिकलेला अटेंडंटही नाही, बऱ्याचदा दादा एकटेच असतात, म्हणजे ते गाडी चालवत असताना मागे पेशंटला काही झालं तर बघणार तुम्ही. कर्वे रोडला मागे बसून बाबांची नाडी मी धरली होती आणि मला नाडी बघता येत नाही. ऑक्सिजनची गाडी म्हणून लिहा ना, त्यात कमीपणा काय आहे? लाल अक्षरं वाचून कोणी गंभीर पेशंट ह्या गाडीतून एका आयसीयूतून दुसऱ्या आयसीयूत हलवायला गेला तर वाट लागेल. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. म्हणाले पेंटरला सांगतो. २०२१ मध्ये पण पेंटरला सांगतो म्हणाले होते. पाचवा स्टार पेंटरने नेला.

म्हणून कोणत्याही खासगी गाडीला फोन केलात तर घाबरलेल्या अवस्थेतही एवढं विचारा, व्हेंटिलेटर चालू आहे का नुसता ठेवलाय, सोबत कोण येणार आणि तो काय शिकलाय, सिलेंडर कोणता आणि किती भरलेला, आणि वेटिंगचा चार्ज कधीपासून. शेवटचा प्रश्न विचारायची लाज वाटते, पेशंट तळमळत असताना पैशाचं कसं बोलायचं, पण दुसऱ्या दिवशी भांडणं त्यावरूनच होतात.

दुसरी बारकी तक्रार, स्ट्रेचरचं डावीकडचं पुढचं चाक अडकतं. चार वर्षं झाली, अडकतं. आमच्या लिफ्टच्या दाराशी तर हमखास.

तिसरी वेळ मागच्या महिन्यातली. शेजारचे काका, वय ८१, बाथरूममध्ये पडले, खुबा. सकाळी साडेनऊ. दादा सात मिनिटांत आले, ह्यावेळी गाडी थेट लिफ्टपर्यंत, सायरन चालू, सेक्रेटरी काका स्वतः पार्किंगमधल्या स्कूटर हलवतायत, बायका पाण्याची बाटली घेऊन उभ्या. मग निघालो आणि कर्वेनगरच्या अलीकडेच अडकलो. पुढे पीएमटी, मागे स्कूलबस, बाजूला टू-व्हीलरवाले सायरन ऐकून बाजूला व्हायचं सोडून आमच्या मागे मागे, म्हणजे रस्ता आपोआप मिळतो ना त्यांना. नळ स्टॉपला मेट्रो डोक्यावरून निघून गेली. काका प्रत्येक खड्ड्याला आईगं करत होते आणि खड्डे काही कमी नाहीत. ५० मिनिटं लागली पोचायला. बरोबर ५०, मी मुद्दाम बघितलं. गेटवर? चार मिनिटं. व्हीलचेअर, सिस्टर, एक्स-रे, चला आत. रिपोर्ट कोणी मागितला नाही, कपाळाला गन नाही.

बाकी व्यवहाराला चोख. पेट्रोलचे वर मागत नाहीत, जीपे घेतात, आयसीयूत पेशंट जाईपर्यंत थांबतात आणि चहा स्वतःच्या पैशाने पितात. रात्री फोन करणार असाल तर लँडमार्क सांगा, सोसायटीचं नाव सांगू नका, वारज्यात एकाच नावाच्या तीन सोसायट्या आहेत. आणि खाली कोणालातरी मोबाइलचा टॉर्च लावून उभं करा.

मेडिक्लेमला लागते म्हणून ह्यावेळी पावती मागितली. दादांनी डॅशबोर्डमधून पावतीपुस्तक काढलं, त्यावर छापील दोन चौकोन, 'कोविड' आणि 'नॉन-कोविड'. नॉन-कोविडवर बरोबरची खूण केली आणि फाडून दिली. मी म्हटलं दादा, हे अजून? म्हणाले, "तेव्हा घाईत छापून घेतली ताई, शंभर पुस्तकं. अजून चाळीस उरलीत."